'स्विंग लो, स्वीट चॅरियट': एका गुलामगीताची दीडशे वर्षे

महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' १८७३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना त्यांनी ते अर्पण केले होते. त्याच वर्षी अमेरिकेतील काही कृष्णवर्णीय तरुण-तरुणी इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीसमोर गात होती. त्यांतली बहुतेक गुलामीत जन्मलेली. आईबापांनी मळ्यांवर गायलेली भक्तिगीते त्यांनी समुद्रापार नेली. 'स्पिरिच्युअल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गीतांपैकी एकाने पुढच्या दीडशे वर्षांत जितकी रूपे घेतली, तितकी फार थोड्या गाण्यांनी घेतली असतील. ते गाणे म्हणजे 'स्विंग लो, स्वीट चॅरियट'.

गाण्याचा आशय साधा आहे. रथ खाली उतरतो आहे, देवदूतांची सोबत आहे आणि गाणाऱ्याला तो घरी नेणार आहे. बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याला अग्निरथातून स्वर्गात नेल्याची कथा त्यामागे आहे. पलीकडे दिसते ती यार्देन नदी.

रचनेचे श्रेय बहुधा वॉलेस विलिस यांना दिले जाते. आजच्या ओक्लाहोमा राज्यात, तेव्हाच्या इंडियन टेरिटरीत, चॉक्टॉ जमातीतील एका मालकाकडे ते गुलाम होते. विलिस आणि त्यांची पत्नी मिनर्व्हा स्पेन्सर अकॅडमी या शाळेत काम करत. तिथले प्रमुख पाद्री अलेक्झांडर रीड यांनी त्यांची गाणी ऐकली, लक्षात ठेवली आणि पुढे राणीसमोर गाणाऱ्या त्याच तरुणांपर्यंत, म्हणजे नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील गायकांपर्यंत पोहोचवली. या गायकांतील एला शेपर्ड यांच्या घराण्यात मात्र गाण्याचा उगम त्यांच्या आईच्या दुःखाशी जोडला जाई. लेकराला घेऊन जीव द्यायला निघालेल्या त्या माउलीला एका वृद्धेने अडवले आणि उतरत्या रथाचा दिलासा दिला, अशी ती आठवण. लोकगीताला एकच जनक सापडणे अवघड असते. इथेही तसेच आहे.

चालीकडे पाहिले की तिच्या प्रवासाचे अर्धे रहस्य उलगडते. ही चाल पाच स्वरांची आहे, आणि ते पाच स्वर म्हणजे आपल्या भूपाचेच: सा, रे, ग, प, ध. सुरुवातीलाच ती गंधारावरून षड्जावर येते, पुन्हा गंधार घेते आणि मग षड्जावरून मंद्र धैवत-पंचमापर्यंत उतरते. रथ खाली येतो तसे सूरही खाली येतात. बांधणी सवाल-जवाबाची आहे. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी झील धरायची. शिकायला दोन मिनिटे लागतात. ओळ टाकणाऱ्याला मात्र ती लांबवायला, वळवायला, हुंदका भरून म्हणायला पूर्ण मोकळीक असते.

शब्दांतही दुहेरी वाट आहे. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून निसटलेले. गुलामांच्या गाण्यातल्या स्वर्गभूमीचा अर्थ उत्तरेकडची मुक्त भूमी असाही होता, हे त्यांनी १८५५ च्या आत्मकथनात नोंदवले आहे. 'स्विंग लो' हा पळून जाणाऱ्यांसाठीचा गुप्त संकेत होता, असे हमखास सांगितले जाते. पण या गाण्याचा लेखी माग १८७० च्या दशकापासूनच लागतो, त्यामुळे ते ठामपणे म्हणता येत नाही. घर म्हणजे मरणानंतरचा विसावा की जिवंतपणीची सुटका, हे ठरवण्याचा हक्क गाणाऱ्याकडे राहिला. नंतरच्या प्रत्येक संगीतप्रकाराने या मोकळ्या जागेत आपला अर्थ भरला.

पहिला अर्थ भरला तो फिस्कच्या गायकांनीच. मुक्त झालेल्यांच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये सुरू झालेली ही शाळा लवकरच कर्जात बुडाली. खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थ्यांना घेऊन दौऱ्यावर निघाले. सुरुवातीला कार्यक्रमात गोऱ्या श्रोत्यांच्या ओळखीची गीते असत. आईबापांची भक्तिगीते अनोळखी लोकांसमोर गाणे या मुलांना जड जात होते, कारण ती त्यांच्या लेखी पवित्र होती. तरी ती गायली गेली, आणि श्रोते हेलावले. जमलेल्या पैशातून फिस्कच्या आवारात १८७६ मध्ये ज्युबिली हॉल उभा राहिला. पुढे फ्रेडरिक लाउडिन यांच्या नेतृत्वाखालील गायकांची एक तुकडी जगभर फिरली. ती भारतातही आली आणि ताजमहालाच्या घुमटाखाली गायली.

व्हाइट यांनी या गाण्यांना युरोपीय वृंदगानाची शिस्त लावली होती. नेमके शब्दोच्चार, चार पट्ट्यांतली स्वरसंगती, कुजबुजीइतका हळू सूर. मळ्यावरचा टाळ्या-पावलांचा ठेका आणि मोकळे आलाप त्यात मागे पडले. फिस्कच्या चार पुरुषगायकांनी जॉन वर्क यांच्यासह १९०९ मध्ये व्हिक्टर कंपनीसाठी हे गाणे ध्वनिमुद्रित केले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २००२ मध्ये राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत त्याला स्थान दिले. आज ज्याला मूळ गाणे समजतात, ते असे आधीच एका नव्या साच्यात बसवलेले आहे. म्हणून नंतरच्या गायकांनी मूळ बिघडवले का, हा प्रश्न इथे लागू पडत नाही. प्रत्येकाने गाण्यातले काय ऐकले आणि काय सोडून दिले, हे तपासणे जास्त मोलाचे आहे.

झेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक यांनी त्यातली चाल ऐकली. १८९२ मध्ये ते न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचे संचालक झाले. तिथला कृष्णवर्णीय विद्यार्थी हॅरी बर्ली त्यांना आजोबांकडून शिकलेली स्पिरिच्युअल्स गाऊन दाखवी. अमेरिकेच्या भावी संगीताचा पाया याच गाण्यांत आहे, असे द्वोर्झाक यांनी जाहीर सांगितले. डिसेंबर १८९३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्यांची 'न्यू वर्ल्ड' सिंफनी प्रथम वाजली. तिच्या पहिल्या भागात बासरीवर येणारी एक धून 'स्विंग लो'च्या फार जवळची आहे.

बर्ली स्वतः उत्तम गायक होते. त्यांनी पियानोच्या साथीने एकल गायनासाठी स्पिरिच्युअल्स बांधली, आणि युरोपीय कलागीतांच्या बरोबरीने ती मैफलीत आली. १९२५ मध्ये पॉल रोबसन यांनी लॉरेन्स ब्राउन यांच्या साथीने न्यूयॉर्कमध्ये सगळा कार्यक्रमच कृष्णवर्णीयांच्या गाण्यांचा केला. रोबसन यांचा आवाज खर्जाचा. त्यांनी हे गाणे नटवले नाही, संथ आणि सरळ म्हटले. रोबसन यांचे वडील गुलामीतून पळून आले होते, हे ठाऊक असलेल्याला त्या साधेपणाचे वजन कळते.

शतकाच्या मध्यानंतर वाटा भराभर फुटल्या. जॉनी कॅश यांनी १९५९ च्या भक्तिगीतांच्या तबकडीत ते कंट्री ढंगाने म्हटले. जाझमध्ये डिझी गिलेस्पी यांनी रथाच्या जागी कॅडिलॅक मोटार आणली आणि गाण्याला खट्याळ नाच दिला. १९६७ च्या त्यांच्या अल्बमचे नावच 'स्विंग लो, स्वीट कॅडिलॅक' आहे. जोन बाएझ यांनी १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात कोणत्याही वाद्याविना ते गायले. व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिल्यामुळे त्यांचे पती तेव्हा तुरुंगात होते, आणि घरी नेण्याच्या प्रार्थनेला नवा संदर्भ मिळाला. एरिक क्लॅप्टन यांनी जमैकात मुद्रित केलेली १९७५ ची आवृत्ती रेगेच्या लयीवर डोलते.

सर्वांत धाडसी झेप एका भावंड-गाण्यातून आली. 'स्विंग डाउन, चॅरियट' हे याच रथाचे दुसरे गीत, बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याला झालेल्या चाकाच्या दर्शनाशी जोडलेले. गोल्डन गेट क्वार्टेटने त्याला उडती लय दिली आणि एल्व्हिस प्रेस्लीने १९६० मध्ये ते गायले. १९७५ मध्ये जॉर्ज क्लिंटन यांच्या पार्लमेंट या फंक वाद्यवृंदाने 'मदरशिप कनेक्शन'मध्ये त्याचे ध्रुपद गुंफले. आता रथ अंतराळयान झाला होता. रंगमंचावर धूर आणि दिव्यांच्या झोतात खरोखरच यान उतरे, आणि त्याला बोलावणारा ग्लेन गॉइन्स यांचा स्वर थेट चर्चमधल्या गॉस्पेलचा असे. पुढे १९९२ मध्ये डॉ. ड्रे यांनी तोच तुकडा 'लेट मी राइड' या रॅपमध्ये घेतला. तिथे रथ म्हणजे लॉस एंजलिसच्या रस्त्यांवरची सजवलेली मोटार. या गाण्याला ग्रॅमी मिळाले. मळ्यातून निघालेला रथ कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या कल्पनेतून इथवर आला. वाहन दरवेळी बदलले, पण बसणाऱ्याची इथून निघण्याची ओढ ओळखू येते.

इंग्लंडमधल्या रग्बीच्या मैदानावर मात्र ही ओढ शोधूनही सापडत नाही. रग्बी क्लबांत हे गाणे आधीपासून हातवाऱ्यांसह म्हटले जाई. १९ मार्च १९८८ रोजी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर आयर्लंडविरुद्ध क्रिस ओटी या कृष्णवर्णीय खेळाडूने तीन ट्राय केले. प्रेक्षकांनी गाणे उचलले, आणि ते इंग्लंड संघाचे जयगीत होऊन बसले. विश्वचषकांच्या निमित्ताने त्याच्या खास आवृत्त्या निघाल्या. १९९५ च्या आवृत्तीत दक्षिण आफ्रिकेचा लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो हा गायकवृंद गायला, २००३ मध्ये यूबी-४० या वाद्यवृंदाने ते केले. स्टेडियमवर मुखड्यापलीकडे गाणे सहसा जातच नाही. ओळ टाकणारा एकटा आवाज नाहीसा झाला आणि नुसती झील उरली. जून २०२० मध्ये वर्णद्वेषविरोधी आंदोलनाच्या काळात इंग्लंडच्या रग्बी संघटनेने या प्रथेचा फेरविचार केला. बंदी आली नाही, पण गाण्याचा इतिहास प्रेक्षकांना सांगायला हवा, हे मान्य झाले. हे फार आधी व्हायला हवे होते. हजारो कंठांतून निघणाऱ्या गाण्यामागे ज्यांचे आयुष्य आहे, त्यांची नावे किमान माहीत असणे ही अवाजवी अपेक्षा नाही.

विलिस यांच्या राज्याने, ओक्लाहोमाने, २०११ मध्ये 'स्विंग लो'ला अधिकृत गॉस्पेल गीताचा दर्जा दिला. फिस्कचा विद्यार्थीवृंद आजही गातो. त्याच्या दीडशेव्या वर्षाच्या अल्बमला २०२१ मध्ये ग्रॅमी मिळाले.

एका संध्याकाळी हा सगळा प्रवास ऐकता येतो. आधी फिस्कचे १९०९ चे मुद्रण, मग रोबसन, कॅश, बाएझ, क्लॅप्टन, आणि त्यानंतर पार्लमेंट व डॉ. ड्रे लागोपाठ लावावेत. कान एकाच जागी ठेवावा, ओळ संपून झील सुरू होते तिथे. फिस्कच्या मुद्रणात उत्तर सोबतचे गळे देतात, क्लॅप्टनकडे स्त्रियांचा कोरस देतो, आणि बाएझ दोन्ही बाजू एकट्याच सांभाळतात.