पैसे बुडाले म्हणजे ‘४२०’ झाली का? फसवणूक आणि लपवाछपवी गुन्हा कधी ठरते, समजून घ्या

एखाद्याला ‘चारसोबीस’ म्हटलं की त्याच्याबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही. १९५५ साली आलेल्या राज कपूर यांच्या सिनेमाचं नावच ‘श्री ४२०’ होतं. हा आकडा आला भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० मधून. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि फसवणुकीचा गुन्हा कलम ३१८ मध्ये गेला. त्या तारखेआधी घडलेल्या प्रकरणांना मात्र जुनंच कलम लागतं.

कलमाचा आकडा बदलला, पण गुन्ह्याची व्याख्या जवळपास तीच राहिली. तिच्याबद्दलचा एक गैरसमजही कायम आहे: ‘माझे पैसे परत मिळाले नाहीत, म्हणजे माझी फसवणूक झाली.’ कायदा असं म्हणत नाही. हा फरक वेळेत कळला नाही तर माणूस पोलीस ठाण्याच्या चकरा मारत राहतो आणि तिकडे दिवाणी दाव्याची मुदत संपून जाते.

कायद्याच्या भाषेत फसवणूक म्हणजे काय?

कलम ३१८(१) मधली व्याख्या लांबलचक आहे. सोपी करून सांगायची तर त्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात.

१. समोरच्याने तुम्हाला भुलवलं. खोटं सांगून, खोटं दाखवून किंवा खरं लपवून.

२. त्या भुलीमुळे तुम्ही काहीतरी केलं. पैसे दिले, वस्तू दिली, कागदावर सही केली किंवा वस्तू त्याच्याकडेच राहू दिली.

३. त्यामागे त्याचा हेतू अप्रामाणिक किंवा कपटी होता. ‘अप्रामाणिकपणे’ या शब्दालाही कायद्यात ठरावीक अर्थ आहे: एकाला बेकायदेशीर लाभ किंवा दुसऱ्याला बेकायदेशीर नुकसान व्हावं, या हेतूने केलेली कृती.

या तिन्हींना जोडणारा शब्द आहे ‘त्यामुळे’. समोरचा खोटं बोलला, पण तुम्ही पैसे भलत्याच कारणासाठी दिले होते, तर ते खोटं कितीही वाईट असलं तरी या व्याख्येत बसत नाही.

व्याख्येचा आणखी एक भाग आहे, ज्याची चर्चा कमी होते. पैसा किंवा वस्तू हातची गेलीच पाहिजे असं नाही. जाणूनबुजून भुलवून तुमच्याकडून एखादी गोष्ट करवून घेतली किंवा करू दिली नाही, आणि त्यामुळे तुमच्या शरीराला, मनाला, प्रतिष्ठेला किंवा मालमत्तेला हानी पोहोचली किंवा पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली, तरी ती फसवणूक ठरू शकते.

काही न सांगणं हाही गुन्हा?

कधीकधी, हो. कलमाच्या स्पष्टीकरणात एकच वाक्य आहे आणि ते फार कामाचं आहे: वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे दडवणं म्हणजेही भुलवणंच.

कायद्याने त्याचं उदाहरणही दिलं आहे. ‘अ’ने आपली मालमत्ता ‘ब’ला विकून खरेदीखत करून दिलं. आता तिच्यावर आपला हक्क उरलेला नाही, हे ‘अ’ला पक्कं ठाऊक आहे. तरीही आधीच्या विक्रीबद्दल काही न सांगता त्याने तीच मालमत्ता ‘क’ला विकली किंवा गहाण ठेवली आणि पैसे घेतले. ‘अ’ एक अक्षरही खोटं बोललेला नसेल, तरी त्याने फसवणूक केली आहे. एकच फ्लॅट दोघांना विकणं हे याचंच आजचं रूप.

मग विक्रेत्याने प्रत्येक बारीकसारीक गोष्ट सांगायलाच हवी का? तसंही नाही. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार, बोलणं हे कर्तव्य नसेल तर नुसतं गप्प बसणं हे सहसा कपट ठरत नाही. समजा, कोणी जुनी स्कूटर विकताना ‘ॲव्हरेज कमी देते’ हे आपणहून सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. हा सहसा गुन्हा नाही. पण मीटर मागे फिरवून कमी किलोमीटर दाखवले, तर गोष्ट बदलते.

जमीन-घराच्या व्यवहारात विक्रेत्यावरची जबाबदारी जास्त आहे. मालमत्तेत किंवा मालकीहक्कात मोठा दोष असेल, आणि तो खरेदीदाराला साधी काळजी घेऊनही कळण्यासारखा नसेल, तर विक्रेत्याने तो सांगितलाच पाहिजे, असं मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ सांगतो. इथे सोयीस्कर मौन पाळणं महागात पडू शकतं.

सगळं ठरतं ‘त्या क्षणी’

बहुतेक तक्रारी अडकतात त्या इथे. पैसे घेतले त्या क्षणी समोरच्याच्या मनात काय होतं, हे कायदा पाहतो. नंतर काय झालं, हे दुय्यम.

यासाठी १८६० च्या दंड संहितेत निळीचं उदाहरण होतं आणि नव्या संहितेतही ते आहे. निळीची रोपं देण्याचा इरादाच नसताना ‘देतो’ म्हणून कोणी आगाऊ पैसे घेतले, तर ती फसवणूक. पण पैसे घेताना खरोखर द्यायचा इरादा होता आणि नंतर करार मोडला, तर ती फसवणूक नाही. त्यासाठी दिवाणी दावा करावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात हेच अधोरेखित केलं. प्रकरण जमीन विक्रीचं होतं. वाटणीचा दावा सुरू असल्याचं विक्रेत्यांनी सांगितलं नाही, असा आरोप होता. पण पैसे घेतानाच त्यांचा हेतू वाईट होता, असं दाखवणारं तक्रारीत काही नाही, असं म्हणत न्यायालयाने फौजदारी कारवाई रद्द केली. माहिती लपवल्याचा आरोप होता, पण ती फसवण्यासाठी लपवली हे तक्रारीतून दिसत नव्हतं.

मनातला हेतू दिसत नाही, म्हणून तो परिस्थितीवरून ओळखला जातो. पैसे घेतले तेव्हा बिल्डरच्या नावावर जमीनच नव्हती, कागद बनावट होते, तीच वस्तू आधी दुसऱ्याला विकली होती, नोकरी देणारी कंपनी अस्तित्वातच नव्हती, अशा गोष्टी सुरुवातीपासूनचा हेतू दाखवतात. धंदा बुडाला, काम रखडलं, फोन उचलणं बंद झालं, एवढ्यावरून तो सहसा सिद्ध होत नाही.

फसवणूक आणि विश्वासघात, दोन्ही एकदम?

अनेक तक्रारींत दोन्ही कलमं सोबत लावली जातात. पण हे दोन वेगळे गुन्हे आहेत. दुरुस्तीसाठी सोनाराकडे पाटली दिली, त्याने ती नीट ठेवून घेतली आणि नंतर हडप केली, तर तो फौजदारी न्यासभंग, म्हणजे कलम ३१६. पाटली हातात घेण्यापूर्वीच त्याने हडपायचं ठरवलं होतं आणि खोटं सांगून ती मागून घेतली, तर ती फसवणूक. एकाच घटनेत हे दोन्ही गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिल्ली रेस क्लब प्रकरणात स्पष्ट केलं.

शिक्षा किती?

- साधी फसवणूक, कलम ३१८(२): ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात कैदेची मर्यादा १ वर्ष होती.
- ज्याचं हित जपण्याची कायदेशीर जबाबदारी आहे, त्याचंच नुकसान होईल हे माहीत असताना फसवणूक, कलम ३१८(३): ५ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.
- फसवून मालमत्ता काढून घेणं, कलम ३१८(४), म्हणजे जुनं ‘४२०’: ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.
- तोतयेगिरी करून फसवणूक, कलम ३१९: ५ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.
- धनकोंच्या हाती लागू नये म्हणून मालमत्ता लपवणं किंवा हलवणं, कलम ३२०: ६ महिने ते २ वर्षं कैद, दंड किंवा दोन्ही.
- आधीचं लग्न लपवून दुसरं लग्न, कलम ८२(२): १० वर्षांपर्यंत कैद आणि दंड.

तुमच्यासोबत असं घडलं तर?

तक्रार लिहिताना ‘पैसे दिले, परत मिळाले नाहीत’ एवढंच लिहू नका. पैसे देण्याआधी कोण काय म्हणालं, कोणत्या तारखेला, आणि त्या तारखेला खरी परिस्थिती काय होती, हे क्रमाने मांडा. जाहिरात, व्हॉट्सॲप मेसेज, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट जोडा. जमिनीचा व्यवहार असेल तर सातबारा आणि इंडेक्स टू काढा. आधीची विक्री किंवा बोजा बहुतेकदा तिथेच सापडतो.

ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. व्यावसायिक व्यवहारांच्या तक्रारीत पोलीस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात, हेही लक्षात ठेवा.

दिवाणी मार्ग मोकळा ठेवा. उसने दिलेले पैसे वसूल करण्यासाठी दावा करण्याची मुदत साधारण ३ वर्षांची असते आणि पोलीस तक्रार सुरू आहे म्हणून ती थांबत नाही. चेक परत आला असेल तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. फौजदारी तक्रार आणि दिवाणी दावा दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, त्यामुळे एकाच्या निकालाची वाट पाहत दुसऱ्याची तारीख चुकवू नका.