सैनिकाच्या खिशातले इंजेक्शन आणि फवारणीची विषबाधा

बारामती-इंदापूर पट्ट्यात ऊस, द्राक्षे, डाळिंब यांमुळे फवारणीचा पंप फार दिवस रिकामा राहत नाही. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही कीटकनाशके ऑर्गेनोफॉस्फेट गटातली आहेत. युद्धात वापरला गेलेला सारिन हा विषारी वायू याच कुळातला. त्यामुळे सैनिकांसाठी तयार झालेला उतारा शेतकऱ्याच्या घरच्यांनीही समजून घेण्यासारखा आहे.

दोन्ही विषे शरीरातले एकच एन्झाइम बंद पाडतात. मग मज्जातंतूंकडून ग्रंथींना आणि स्नायूंना जाणारा संदेश थांबतच नाही. लाळ सुटते, दरदरून घाम येतो, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत घुरघुर सुरू होते. शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. ॲट्रोपिन हे औषध स्राव आटवते, तर प्रालिडॉक्झिम, म्हणजे 'पाम', ते एन्झाइम मोकळे करण्यासाठी देतात. सैनिकांकडे यांचे ऑटोइंजेक्टर असतात. मांडीवर दाबले की सुई कपड्यातून आत जाते. ग्वाल्हेरच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने असे इंजेक्टर भारतातही विकसित केले आहेत.

मग नाडी आणि घाम मोजून आपोआप औषध टोचणारा पट्टाच फवारणी करणाऱ्याला का बांधू नये? कल्पना आकर्षक आहे, पण एप्रिलच्या उन्हात पाठीवर भरलेला पंप घेतलेल्या निरोगी माणसाचीही नाडी धावते आणि अंग घामाने भिजते. यंत्र फसले आणि विषबाधा नसताना ॲट्रोपिन गेले, तर घाम बंद होऊन अंग तापते. उन्हात हे जिवावर बेतू शकते. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलमध्ये नागरिकांना वाटलेल्या इंजेक्टरमधून २५० हून अधिक मुलांना चुकून ॲट्रोपिन टोचले गेले होते. सुदैवाने त्यांत कोणी दगावले नाही.

शिवाय एका इंजेक्टरमध्ये साधारण २ मिलिग्रॅम ॲट्रोपिन असते. ही फक्त सुरुवात. रुग्णालयात दर काही मिनिटांनी छाती तपासून, गरजेप्रमाणे डोस दुप्पट करत जातात. गंभीर रुग्णाला एकूण कितीतरी पट जास्त लागते. म्हणून ते घरी आणून ठेवू नका.

घरच्यांनी करायचे ते वेगळे. हातमोजे घालून, नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून, रुग्णाचे कपडे काढा आणि अंग साबण-पाण्याने धुवा. ओकारी काढू नका. मीठपाणी, दूध, तूप काही पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. १०८ ला फोन करा. औषधाची बाटली सोबत न्या, कारण प्रत्येक कीटकनाशकाचा उतारा ॲट्रोपिन नसतो. बाहुल्या बारीक नाहीत म्हणून विषबाधा नाही, असे धरून बसू नका. आणि औषध मुद्दाम घेतले असेल तर पोलिसांच्या भीतीने ते लपवू नका. लपवण्यात गेलेला अर्धा तास फार महाग पडतो.

इंदापुरातून रुग्णाला बारामतीला किंवा पुण्याला हलवायचे का, हे डॉक्टर ठरवतील. व्हेंटिलेटरची गरज पडू शकते, म्हणून हा प्रश्न येतोच.

दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून बोलू लागला की नातेवाईक डिस्चार्ज मागतात. कृपया घाई करू नका. १ ते ४ दिवसांत श्वासाचे स्नायू पुन्हा ढिले पडू शकतात. त्याची पहिली खूण बहुधा मानेत दिसते. उशीवरून डोके उचलता येत नाही असे तो म्हणाला, तर त्याच क्षणी नर्सला बोलवा.