फुंकणीच्या टोकावरची काच

वितळलेली काच पोकळ नळीच्या टोकावर घ्यायची, नळीतून फुंकून तिच्यात हवा भरायची आणि काच मऊ आहे तोवर तिला आकार द्यायचा, ही पद्धत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर निघाली. त्याआधी माती आणि शेणाच्या गाभ्याभोवती मऊ काच लपेटून किंवा साच्यात काच ओतून भांडी करत. एकेका भांड्याला फार वेळ लागे, त्यामुळे काच श्रीमंतांपुरतीच राहिली होती. फुंकणी आली आणि पेले, बाटल्या सामान्य घरांत पोचल्या. नळी, चिमटा, कात्री, ओले लाकूड ही कारागिराची मुख्य हत्यारे तेव्हापासून फारशी बदललेली नाहीत. भिवंडीत यंत्रमागावर नवा कामगार जुन्याच्या शेजारी उभा राहून शिकतो, तसेच हे कामही भट्टीसमोर उभे राहूनच शिकावे लागते.

महाराष्ट्रात असे शिक्षण देण्याचा मोठा प्रयत्न तळेगाव दाभाडे येथे झाला. देशी उद्योगांसाठी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांनी मांडली आणि लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. जमलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. जपान आणि अमेरिकेत काचशास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तळेगावच्या कामाशी जोडले गेले. माल विकणे एवढाच या कारखान्याचा हेतू नव्हता, काच करणारी माणसे तयार करणे हाही होता. लोकांच्या पैशाचे चीज त्या दुसऱ्या हेतूने अधिक झाले. तळेगावला हात बसलेले कारागीर पुढे इतर कारखान्यांत कामाला गेले. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या हद्दीत, कराडजवळ काच कारखाना काढला. तिथली वस्ती ओगलेवाडी झाली आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघर गेला.

कंदिलाची काच हा या विद्येचा कठीण पेपर. काच उष्णता हळू वाहून नेते. चिमणी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल, तर दोन्ही बाजू सारख्या वेगाने तापत नाहीत. पसरण्यात फरक पडतो, ताण येतो आणि चिमणी तडकते. म्हणून भिंत सर्वत्र एकसारखी ठेवणे हा पहिला आणि शेवटपर्यंत सोबत राहणारा धडा आहे.

साध्या काचेत सुमारे ७० ते ७४ टक्के सिलिका असते. ती वाळूतून मिळते. निव्वळ सिलिका वितळायला १,७०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. सोडा मिसळला की ते बरेच खाली येते, पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते. तिला टिकाऊपणा चुनखडीमुळे येतो. फुटक्या काचेचे तुकडे घातले तर मिश्रण लवकर वितळते आणि इंधन वाचते. लोहामुळे काचेला हिरवट झाक येते, कोबाल्टमुळे गडद निळा रंग. वितळवण्यासाठी भट्टी १,४०० ते १,५०० अंशांपर्यंत नेतात. काम मात्र त्याहून बरेच कमी, अकराशे अंशांच्या आसपास चालते. काचेला पाण्यासारखा ठरावीक वितळणबिंदू नसतो. ती हळूहळू घट्ट होत जाते, आणि घडवायला मिळतो तो एवढाच अवधी.

शिकणाऱ्याच्या हाती आधी भरीव सळई देतात. मुशीतल्या रसात तिचे टोक बुडवून फिरवायचे, की काच तिच्यावर गुंडाळून येते. बाहेर आल्यावर फिरवणे क्षणभर थांबले तरी गोळा एका बाजूला लोंबतो. म्हणून पहिली वस्तू बहुधा भरीव असते, कागदावर ठेवायच्या वजनासारखी. फुंकण्याची घाई नसल्याने सगळे लक्ष हाताकडे राहते. कार्यशाळेला आलेल्यांना वाटते की कसब छातीत आहे. खरे कसब मनगटात आहे.

हात स्थिरावला की सव्वा ते दीड मीटर लांबीची पोकळ नळी येते. घेतलेला गोळा पोलादी पाट्यावर लोळवतात. वरचा थर किंचित थंड होतो, आतला भाग मऊ राहतो आणि गोळा नळीच्या मध्यावर येतो. मग अलगद फुंकून नळीचे तोंड अंगठ्याने बंद करतात. अडकलेली हवा उष्णतेने प्रसरण पावते आणि पहिला फुगा स्वतःच धरतो. त्यावर पुन्हा रस घेतला की मोठ्या भांड्यापुरती काच जमते. पाण्यात भिजवलेल्या लाकडी साच्याने किंवा ओल्या वर्तमानपत्राच्या जाड घडीने ती गोल करतात. ओलाव्याची वाफ होऊन लाकूड आणि काच यांच्यामध्ये राहते, त्यामुळे काचेवर ओरखडे उमटत नाहीत.

कारागीर बाकावर बसून नळी दोन आडव्या पट्ट्यांवर एका हाताने फिरवतो आणि दुसऱ्या हातातल्या लांब चिमट्याने नळीलगत खाच पाडतो. काच घट्ट होऊ लागली की पुन्हा भट्टीच्या तोंडाशी जायचे. हे येणे-जाणे एका पेल्यासाठी कितीतरी वेळा होते. पुढचा टप्पा नवख्यांना सर्वांत अवघड जातो. तळाला भरीव सळई चिकटवायची, खाचेवर थेंबभर पाणी टाकायचे आणि नळीवर हलका ठोका द्यायचा. भांडे नळीपासून सुटून सळईवर येते, तोंड मोकळे होते. ते पुन्हा तापवून चिमट्याने उघडतात. हे काम दोघांचे आहे. सळई आणणाऱ्याने ती फार गरम आणली तर ती निघत नाही, फार थंड आणली तर भांडे खाली पडते.

तयार भांडे उघड्यावर ठेवले तर काही मिनिटांतच फुटू शकते. बाहेरची बाजू आधी आकसते, आतली मागे राहते आणि ताण अडकून पडतो. म्हणून ते सुमारे ५०० अंशांच्या अनुशीतन भट्टीत ठेवून हळूहळू निववतात. पातळ पेल्याला रात्रभर पुरते, जाड वस्तूला कित्येक दिवस लागतात. वेगळ्या प्रमाणात पसरणाऱ्या दोन काचा एकत्र जोडल्या असतील, तर मात्र कितीही निववले तरी तडा जातो.

भट्टीशिवायही काच फुंकता येते. तयार नळ्या ज्योतीवर मऊ करून प्रयोगशाळेची उपकरणे घडवतात. त्यासाठी बोरोसिलिकेट काच लागते. ती साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच पसरते, म्हणून ज्योतीचा झटका सोसते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था अशा ठिकाणी या कामाचे स्वतंत्र विभाग आहेत. ज्योतीत काचेतला सोडियम प्रखर पिवळा चमकतो आणि काम दिसेनासे होते. तो पिवळा प्रकाश अडवणारा खास चष्मा शिकणाऱ्याला लागतो.

मोठ्या भट्टीचा धोका वेगळा आहे. तिच्या अवरक्त किरणांमुळे जुन्या कारागिरांना मोतीबिंदू होत असे, आणि कोरड्या वाळूची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. म्हणून चांगल्या कार्यशाळेत डोळ्यांना संरक्षक चष्मा, अंगावर सुती कपडे, पायांत बंद बूट आणि मिश्रण करताना तोंडावर मुखपट्टी असते. वितळून चटका लावणारे नायलॉनचे कपडे तिथे चालत नाहीत. थंड दिसणारी काचही कित्येक शे अंश गरम असू शकते. लाल चमक सुमारे ५०० अंशांखाली दिसत नाही, त्यामुळे काचेला हात लावण्याआधी विचारायचे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगतात.