स्वस्त प्रोजेक्टर आणि खोलीतला अंधार

मोठ्या पडद्याचे आकर्षण ग्रामीण महाराष्ट्राला नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर हलती करून दाखवणारी ‘शांबरिक खरोलिका’ लोकांपुढे आणली, आणि पुढे विसाव्या शतकात टूरिंग टॉकीजच्या तंबूंनी पुसेगावसारख्या यात्रांतून सिनेमा खेड्यापाड्यांपर्यंत नेला. या फिरत्या तंबूंच्या उतरत्या काळावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. तंबू कमी होत गेले तरी मोठ्या चित्राची ओढ टिकून राहिली, आणि आता तीच ओढ प्रोजेक्टरच्या रूपाने घरात येऊ पाहते आहे.

माढा तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गावरचे मोडनिंब हे अशा ओढीचे प्रातिनिधिक गाव मानता येईल. सोलापूरची मोठी चित्रपटगृहे येथून साठ किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे चौघांच्या कुटुंबाने एक चित्रपट पाहून यायचे म्हटले तरी तिकिटांइतकाच खर्च जाण्यायेण्यावर होतो. म्हणूनच दहा ते वीस हजार रुपयांत ‘घरात शंभर इंची पडदा’ देऊ करणारी जाहिरात मोहात पाडते. मात्र त्या जाहिरातीतले जवळजवळ सर्व आकडे तपासून घ्यावे लागतात आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे खोलीतला अंधार, तिच्यात कोठेही छापलेली नसते.

प्रोजेक्टरमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्युमेन या एककात मोजतात. अमेरिकन राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे ‘अ‍ॅन्सी’ने, १९९२ मध्ये ठरवून दिलेल्या पद्धतीनुसार पडद्याचे नऊ समान भाग करून प्रत्येक भागातला प्रकाश मोजायचा आणि त्याच्या सरासरीला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणायचे असते. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर मात्र नुसतेच ‘९००० ल्युमेन’ किंवा ‘१५००० ल्युमेन’ असे लिहिलेले आढळते. हा आकडा कोणत्या पद्धतीने मोजला हे तेथे सांगितलेले नसते आणि पडद्यावर प्रत्यक्षात पोचणारा प्रकाश पुष्कळदा दोनशे-तीनशे ल्युमेनच्या घरात असतो. अशा फुगवलेल्या दाव्यांविरुद्ध एप्सन कंपनीने अमेरिकेच्या न्यायालयांत खटलेही भरले आहेत. म्हणून ग्राहकाने ‘अ‍ॅन्सी ल्युमेन’ किंवा ‘आयएसओ ल्युमेन’ असा स्पष्ट उल्लेख असलेलाच आकडा विचारात घ्यावा, आणि तो उल्लेख नसेल तर छापलेला आकडा नसल्यासारखाच समजावा.

आता प्रश्न असा, की किती ल्युमेन पुरतात? सोळास नऊ या प्रमाणातला शंभर इंची पडदा सुमारे २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ साधारण पावणेतीन चौरस मीटर भरते. चित्रपटगृहात पडद्याची तेजस्विता ४८ निट असावी असा डिजिटल सिनेमाचा संकेत आहे. निट म्हणजे पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरमागे डोळ्याकडे येणाऱ्या तेजाचे माप. चकाकी नसलेल्या पांढऱ्या पडद्यावर ५०० खरे ल्युमेन पाडले तर शंभर इंचांत जवळपास ५८ निट मिळतात, आणि घरातली भिंत चांगल्या पडद्यापेक्षा थोडा कमी प्रकाश परतवते असे धरले तरी तेज चित्रपटगृहाच्या आसपास राहते. त्याहून उपयोगी गोष्ट अशी, की पडद्याचा कर्ण कमी केला तर क्षेत्रफळ त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे पासष्ट इंची चित्रासाठी अवघे २०० ल्युमेन तेवढेच तेज देऊ शकतात. कमी पैशांत शंभर इंचांचा हट्ट धरणाऱ्याला फिकट चित्र पाहावे लागते. तेच यंत्र पुढे सरकवून चित्र सत्तर इंचांवर आणले तर डोळ्यांना समाधान मिळते.

हे सारे गणित अंधाऱ्या खोलीचे आहे. प्रोजेक्टर काळा रंग निर्माण करू शकत नाही. जेथे काळे दाखवायचे तेथे तो फक्त प्रकाश अडवतो आणि तेथे दिसते ती भिंतच. शंभर इंची पडद्यावर ५०० ल्युमेनमुळे सुमारे १८० लक्स, म्हणजे चौरस मीटरला १८० ल्युमेन, एवढा प्रकाश पडतो. खोलीतल्या ट्यूबलाइटचा १०० लक्स प्रकाश त्याच भिंतीवर पडत असेल, तर चित्रातल्या पांढऱ्या जागी २८० आणि काळ्या जागी १०० लक्स अशी स्थिती होते, म्हणजे उजळ आणि गडद यांच्यातला फरक तिपटीएवढाही उरत नाही. दुप्पट किमतीचे यंत्र घेऊनही हा दोष पुरता जात नाही, पण दिवा बंद केला आणि खिडकीला दोन पदरी जाड पडदा लावला तर तो काही शे रुपयांत जातो. या बाबतीत सोलापूर भागातली जुनी माळवदाची घरे नव्या स्लॅबच्या बंगल्यांपेक्षा सरस ठरतात, कारण जाड भिंती आणि मोजके झरोके यांमुळे त्यांच्यातल्या आतल्या खोल्या दुपारीही बऱ्याच अंधाऱ्या असतात. नव्या घरात मोठ्या काचेच्या खिडक्यांचा दिवाणखाना सोडून आतली खोली निवडणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

यंत्राच्या आतल्या रचनेचा भागही समजून घेण्यासारखा आहे. स्वस्त प्रोजेक्टरांत सहसा एलईडी दिव्यासमोर एकच पारदर्शक एलसीडी काच असते. तिच्यातले ध्रुवक आणि रंगगाळण्या बहुतांश प्रकाश गिळून टाकतात, म्हणूनच अशी यंत्रे मंद असतात. तीन वेगळ्या एलसीडी काचांमधून लाल, हिरवा आणि निळा प्रकाश स्वतंत्रपणे नेऊन शेवटी एकत्र करणारी पद्धत उजळ, पण महाग पडते. तिसरी पद्धत डीएलपी नावाने ओळखली जाते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये शोधलेल्या प्रकारच्या चिपवर आता लक्षावधी सूक्ष्म आरसे असून ते सेकंदाला हजारो वेळा कलतात आणि प्रकाश लेन्सकडे किंवा बाजूला वळवतात.

चित्राची स्पष्टता बिंदूंच्या संख्येवर ठरते. ‘फुल एचडी सपोर्ट’ किंवा ‘फोर-के सपोर्ट’ या शब्दांचा अर्थ एवढाच, की यंत्र तेवढ्या बारकाव्याची फाइल स्वीकारते. ती प्रत्यक्ष दाखवताना मात्र स्वतःच्या काचेवरच्या बिंदूंतच बसवते, आणि ते बिंदू कधीकधी केवळ ८५४ गुणिले ४८० एवढेच असतात. माहितीपत्रकात ‘नेटिव्ह’ म्हणजे मूळ रिझोल्युशन १९२० गुणिले १०८० असे लिहिलेले असावे. सत्तर इंचांच्या आतल्या चित्रासाठी १२८० गुणिले ७२० देखील चालून जाते.

अंतराचे गणित सोपे आहे. ‘थ्रो रेशो’ म्हणजे भिंतीपासूनचे अंतर भागिले चित्राची रुंदी. हे प्रमाण १.३ असलेल्या यंत्राला शंभर इंची चित्रासाठी सुमारे २.९ मीटर, म्हणजे साडेनऊ फूट लागतात, त्यामुळे दहा बाय बारा फुटांच्या खोलीत लांबीच्या दिशेनेच ते जमते. यंत्र तिरके ठेवून चित्र डिजिटल दुरुस्तीने सरळ केले तर बिंदू वाया जातात. यंत्र भिंतीसमोर काटकोनात ठेवणेच इष्ट. भिंत चकचकीत नसावी, तिच्यावर पोपडे नसावेत, आणि मांडवाचे पांढरे कापड लावायचे असेल तर मागे काळे कापड जोडावे, नाहीतर बराच प्रकाश आरपार निघून जातो.

सोलापूर जिल्ह्यातल्या ग्राहकाने पुस्तकी सल्ल्यात सहसा न सापडणाऱ्या तीन गोष्टींकडे लक्ष द्यायला हवे: ऊन, धूळ आणि वीज. बहुतेक प्रोजेक्टर ३५ अंश, काही ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात, आणि येथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. अशा वेळी पत्र्याच्या खोलीत लावलेले यंत्र तापून आपोआप बंद पडते किंवा एलसीडीवर पिवळट डाग उमटतात, म्हणून उन्हाळ्यात पाहण्याचा वेळ रात्रीचा ठेवावा. धुळीसाठी ‘सीलबंद ऑप्टिकल इंजिन’ असलेले, म्हणजे लेन्स आणि काच यांमधला मार्ग बंदिस्त असलेले यंत्र घ्यावे, कारण उघड्या मार्गात बसलेला एक कण पडद्यावर राखाडी ठिपका होऊन कायम दिसत राहतो. वीज अचानक गेल्यास पंखा थांबतो आणि दिव्याभोवतीची उष्णता आतच कोंडते. घरात इन्व्हर्टर असेल तर प्रोजेक्टर त्याच्यावरच जोडावा.

जुन्या, कार्यालयांतून निघालेल्या यंत्रांचा पर्यायही तपासण्याजोगा आहे. ती बहुधा दोन-तीन हजार खऱ्या ल्युमेनची असतात, पण त्यांच्या पाऱ्याच्या दिव्याचे आयुष्य सुमारे चार हजार तास असते. रोज तीन तास धरले तर ते साडेतीन वर्षांत संपते, आणि वापरलेल्या यंत्रात त्यातले किती तास शिल्लक आहेत हे सेटिंगमधल्या ‘लॅम्प अवर्स’ या नोंदीत पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. वीस हजार तास चालणाऱ्या एलईडीला ही चिंता नसते.

आवाजासाठी ब्लूटूथपेक्षा तारेने जोडलेला साधा स्पीकर बरा, कारण ब्लूटूथमध्ये ओठ आणि शब्द यांत फरक पडतो. ओटीटी सेवांची परवानगी नसलेल्या अँड्रॉइड प्रोजेक्टरवर काही चित्रपट अस्पष्टच दिसतात; एचडीएमआयला परवानगी असलेली वेगळी स्ट्रीमिंग स्टिक जोडली की ही अडचण सुटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे पक्क्या बिलाने घेणे आता पूर्वीइतके जड जात नाही, आणि वॉरंटीचा दावा बिलाशिवाय उभा राहत नाही.

ज्या घरात दिवसा मालिका, बातम्या आणि क्रिकेट पाहिले जाते आणि दिवे मालवणे शक्य नसते, त्या घराने त्याच पैशांत त्रेचाळीस इंची टीव्ही घ्यावा. ज्या घरात एक खोली रात्री अंधारी करता येते, त्या घराने ४०० ते ५०० अ‍ॅन्सी ल्युमेन, मूळ फुल एचडी आणि सीलबंद रचना असलेला एलईडी प्रोजेक्टर निवडावा, चित्र ऐंशी इंचांच्या आत ठेवावे, आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातले दिवे बंद करायला लावून स्वतःच्या पेनड्राइव्हवरचा एखादा रात्रीचा प्रसंग त्यावर पाहून घ्यावा.