पंधरा किलोंची मर्यादा आणि प्रवाशाची सचोटी

रायपूर : पुण्या-मुंबईत नोकरीला असलेल्या मुलांकडे विमानाने निघालेल्या रायपूरकर मराठी कुटुंबांना माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळावरील वजनकाटा चांगलाच परिचित आहे. फराळाचे डबे, पापड-कुरडया आणि छत्तीसगडचा सुवासिक दुबराज तांदूळ भरला की बॅग सहज अठरा किलोंवर जाते. रेल्वेच्या शयनयान वर्गात माणशी ४० किलो सामान विनामूल्य नेता येते. विमानाच्या बहुतेक देशांतर्गत तिकिटांवर मात्र चेक-इनसाठी १५ आणि हाती ७ किलो एवढीच मुभा असते.

ही मर्यादा फार जुनी नाही. २०१३ पर्यंत २० किलोंची सवलत सर्वसाधारण होती. त्या वर्षी काही सेवांचे शुल्क तिकिटापासून वेगळे आकारण्यास परवानगी मिळाली आणि खासगी कंपन्यांनी सवलत १५ किलोंवर आणली. जून २०१६ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १५ ते २० किलोंदरम्यानच्या जादा वजनासाठी किलोमागे कमाल १०० रुपयांचे बंधन घातले. परंतु असा दर ठरवून देण्याचा अधिकार महासंचालनालयाला नाही, असे सांगत दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये ते रद्द केले. तेव्हापासून दर कंपन्याच ठरवितात.

वजन वाढले की इंधन अधिक जळते, हे शुल्काचे नेहमीचे समर्थन. ते खरे असले तरी पुरेसे नाही. ५५ किलो वजनाच्या प्रवाशाला दोन किलो जादा सामानाचे पैसे मोजावे लागतात, तर ९५ किलो वजनाच्या प्रवाशाला स्वतःच्या वजनाबद्दल कोणी विचारत नाही. म्हणजे हे शुल्क मुख्यतः व्यापारी व्यवहार आहे, आणि व्यवहाराच्या अटी नीट वाचून आपला खर्च वाचविण्यात गैर काही नाही. जड कोट अंगावर घालणे, एकाच पीएनआरवरील कुटुंबीयांच्या सवलती जेथे एकत्र धरल्या जातात तेथे तसे करणे, तांदूळ आधीच पार्सलने धाडणे, हे सारे उघड मार्ग आहेत.

काट्यावरील बॅगेला हळूच हाताचा आधार देणे, वजन होईपर्यंत दुसरी पिशवी सोडायला आलेल्या नातेवाइकाकडे ठेवणे हे मात्र निराळे. येथे नियमाचा लाभ घेतला जात नाही, तर समोरच्याची दिशाभूल केली जाते. अनोळखी सहप्रवाशाच्या हाती आपली बॅग देणे तर सुरक्षेच्या दृष्टीनेही घातक. बॅग स्वतः भरली का, हा काउंटरवरील प्रश्न उगाच विचारला जात नाही.

लपविलेल्या वजनाचा भार कोणावर पडतो, हेही पाहावे लागेल. उड्डाणापूर्वीच्या लोडशीटमध्ये चेक-इन सामानाचे मोजलेले वजन लिहिले जाते; प्रवासी आणि हातातील सामान यांचे मात्र सरासरी वजन गृहीत धरतात. मोठ्या विमानात चार-दोन किलोंनी बिघडत नाही. जगदलपूरला जाणाऱ्या एटीआरसारख्या लहान विमानांत हिशेब अधिक काटेकोर असतो. अमेरिकेतील शार्लट येथे ८ जानेवारी २००३ रोजी १९ आसनी विमान कोसळून २१ जण दगावले. देखभालीतील चूक आणि शेपटीकडे झुकलेला भार, अशी दोन्ही कारणे तपासात पुढे आली. त्यानंतर तेथे गृहीत वजनांचे आकडे वाढविण्यात आले. कोणा प्रवाशाने काही लपविल्याने तो अपघात झाला असे नव्हे. पण कागदावरील वजन आणि प्रत्यक्ष वजन यांतील अंतर किती महाग पडू शकते, हे त्यातून दिसले.

रोजचा त्रास मात्र काउंटरवरील कर्मचाऱ्यांच्या वाट्याला येतो. दर त्यांनी ठरविलेला नसतो, तरी संताप त्यांच्यावरच निघतो. जुलै २०२५ मध्ये श्रीनगर विमानतळावर हातातील सामानाच्या जादा वजनावरून झालेला वाद हाणामारीपर्यंत गेला आणि चार कर्मचारी जखमी झाल्याचे विमान कंपनीने सांगितले.

कंपन्यांनीही तिकीट विकतानाच दर ठळकपणे दाखवावेत, ही प्रवाशांची अपेक्षा रास्त आहे. जादा वजन आगाऊ नोंदविल्यास ते विमानतळावरील दरापेक्षा स्वस्त पडते, हे अनेकांना काउंटरवर पोहोचल्यावरच कळते. काट्याविषयी शंका आल्यास शेजारच्या काट्यावर पुन्हा वजन करून घेण्याची विनंती करावी, शुल्काची पावती मागून घ्यावी आणि तरीही समाधान न झाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी.