घायपात, कोरफड आणि युका

गतवर्षी तवंदी घाटातील सहलीत आमच्या एका सोबत्याच्या हातास खरचटले. जवळच्या बांधावर जाड, काटेरी पानांचे एक झाड होते. ती कोरफडच समजून आम्ही तिचा रस जखमेभोवती चोळला. थोड्याच वेळात हात लाल होऊन त्याची आग होऊ लागली. गुरुजींनी तो भरपूर पाण्याने धुवविला व म्हणाले, "अरे, हे घायपात!" आमच्या अज्ञानाची शिक्षा सोबत्याने भोगली, म्हणून ही ओळख येथे देत आहोत.

घायपातास केकताडही म्हणतात. आमचे कन्नड भाषिक मित्र त्यास 'कत्ताळे' म्हणतात. हे मूळचे मेक्सिकोकडील. जाड पानांत पाणी साठविल्यामुळे ते खडकाळ जमिनीतही तग धरते. शेतकरी ते कुंपणास लावतात आणि त्याच्या वाखाचे दोर वळतात. रसात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. तेच त्वचेत रुततात. कोरफडीचे पान सहज मोडते व आत बुळबुळीत, पारदर्शक गर दिसतो. घायपाताचे पान चिवट व तंतुमय असून टोकास कठीण, काळपट काटा असतो.

बागांतून दिसणारी युका हे तिसरे झाड. तिची पाने तलवारीसारखी, पण पातळ व कोरडी. त्यांत गर नसतो. तीही अमेरिकेतीलच. तिची 'रुपिकोला' नावाची जात टेक्सासमधील चुनखडीच्या खडकांत वाढते. या नावाचा अर्थच 'खडकावर राहणारी'.

पानांवरून संशय फिटला नाही, तर फुले पाहावीत. युकाचा बीजकोश पाकळ्यांच्या वर, फुलाच्या आत असतो. घायपाताचा पाकळ्यांच्या खाली. घायपात अनेक वर्षांनी एकदाच उंच दांडा काढून फुलते आणि भोवती पिले ठेवून मरते. युका पुन्हा पुन्हा फुलते.

माळावर वाढते ते सारे येथलेच, असा आमचा समज होता. परंतु कोरफडही मूळची अरबस्तानातील! तिधारी निवडुंग मात्र भारतातलाच. पण त्याचा पांढरा चीक डोळ्यांस घातक असतो. तेव्हा झाड देशी असो वा परदेशी, पुरती ओळख पटल्याखेरीज त्याचा रस अंगास लावू नये, एवढा धडा आम्ही त्या सहलीत शिकलो.