संगणकाचा जामदारखाना

शाळेची फी आतां पुष्कळ पालक घरबसल्या भरतात. फोनवर दोनचार वेळां बोट टेकलें कीं पैसे बँकेंत जमा होतात आणि थोड्या वेळानें पावतीचा संदेश येतो. ह्या दोहोंच्या मध्यें काय घडतें तें कोणास दिसत नाहीं. बँकेचा संगणक एक, शाळेच्या हिशेबाचा दुसरा, संदेश पाठविणाऱ्या कंपनीचा तिसरा. हे तिघेही एकमेकांस परके. त्यांची बोली निराळी आणि त्यांच्या दारांचीं कुलुपें निराळीं. त्यांच्यामध्यें निरोप नेणारा कोणी तरी लागतो, व त्या निरोप्याजवळ तिन्ही दारांच्या किल्ल्या असाव्या लागतात. ह्या किल्ल्या त्यानें कोठें ठेवाव्या, हा आमच्या लेखाचा विषय आहे. विषय कोरडा वाटेल. परंतु त्या दारांच्या आंत आमच्या वाचकांचींच नांवें, पत्ते आणि जन्मतारखा आहेत, हें ध्यानांत असूं द्यावें.

प्रथम निरोप्याची ओळख करून देऊं. जावा भाषेंत लिहिलेलें 'अपाचे कॅमल' नांवाचें एक साधन आहे. तें अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन ह्या संस्थेच्या छत्राखालीं २००७ सालीं प्रसिद्ध झालें, आणि कोणासही विनामूल्य वापरतां येतें. निरनिराळ्या संगणकव्यवस्थांनीं एकमेकांस निरोप कसे पाठवावे ह्याच्या ६५ रीती ग्रेगर होप व बॉबी वूल्फ ह्यांनीं २००३ सालच्या आपल्या ग्रंथांत सांगितल्या होत्या. कॅमलची उभारणी त्यांवरच झाली आहे. प्रोग्राम लिहिणारा कॅमलमध्यें एक 'रूट' म्हणजे मार्ग आंखून देतो: अमुक ठिकाणाहून घे, त्यांत असा फेरफार कर, तमुक ठिकाणीं पोंचव. आमच्या उदाहरणांत मार्ग असा असेल कीं, रोज सायंकाळीं बँकेच्या संगणकावरून फीची यादी आणावी, तिची एकेक ओळ शाळेच्या खातेवहींत नोंदावी, आणि प्रत्येक पालकास पावती धाडावी. हा सारा मार्ग पांचदहा ओळींत लिहून होतो. कॅमलचें कौतुक आहे तें ह्याच सुटसुटीतपणाचें.

परंतु पहिल्याच ओळीशीं अडचण येते. बँकेचा संगणक पासवर्ड विचारतो. लिहिणाऱ्यास सर्वांत सोपें काय वाटतें? त्याच ओळींत पासवर्ड लिहून टाकणें. प्रोग्राम चालूं लागतो, सर्वांस आनंद होतो, आणि तो पासवर्ड तेथेंच राहून जातो. पुढें तो प्रोग्राम सहकाऱ्यांस दिला जातो व 'गिट' नांवाच्या नोंदवहींत चढविला जातो. ह्या नोंदवहीचा स्वभाव असा कीं ती कांहींच विसरत नाहीं. आज पासवर्ड खोडला तरी कालचें पान तसेंच्या तसें शाबूत असतें, आणि ज्यास वही उघडतां येते त्यास तें वाचतां येतें. आमचे जे विद्यार्थी आपले प्रोग्राम 'गिटहब'वर ठेवतात त्यांनीं हें विशेष लक्षांत घ्यावें. पासवर्ड एकदां तेथें गेला कीं तो पुसण्याची खटपट दुय्यम. तो ताबडतोब बदलणें हाच उपाय.

ह्याचा परिणाम केवढा होतो तें 'ऊबर' कंपनीनें अनुभविलें. २०१६ सालीं दोघे जण तिच्या प्रोग्राम लिहिणारांच्या खाजगी गिटहब वहींत शिरले. तेथें त्यांस अमेझॉनच्या भांडाराची किल्ली लिहिलेली सांपडली. त्या एका किल्लीनें जगभरच्या सुमारें ५ कोटी ७० लक्ष माणसांची माहिती त्यांच्या हातीं पडली. कंपनीनें त्या दोघांस १ लक्ष डॉलर देऊन प्रकरण दाबलें. ते २०१७ च्या नोव्हेंबरांत उघडकीस आलें, व २०१८ सालीं अमेरिकेंतील संस्थानांशीं तडजोड करतांना तिला १४ कोटी ८० लक्ष डॉलर भरावे लागले. वही खाजगी होती, हें येथें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. 'आमची वही बाहेरच्यांस दिसत नाहीं' हें समाधान किती पोकळ असतें तें ह्यावरून कळेल.

मग पासवर्ड निराळ्या फायलींत ठेवला तर? कांहीं अंशीं बरें. पण तीही फाईलच, आणि तिच्याही नकला होतात. ह्या दुखण्यावर खरा तोडगा निघाला तो गुपितें सांभाळणाऱ्या स्वतंत्र सेवांचा. जुन्या संस्थानांत जामदारखाना असे, तेथें जडजवाहीर ठेवीत, आणि जामदाराच्या परवानगीवांचून व वहींतील नोंदीवांचून कांहीं बाहेर जात नसे. तसाच हा संगणकांचा जामदारखाना. हॅशीकॉर्प कंपनीचें 'व्हॉल्ट' २०१५ सालीं निघालें, अमेझॉनचें 'सीक्रेट्स मॅनेजर' २०१८ सालीं. गूगल व मायक्रोसॉफ्ट ह्यांच्याही अशा सेवा आहेत. तेथें गुपित सांकेतिक लिपींत ठेविलेलें असतें. कोणी, केव्हां, कोणतें मागितलें, ह्याची नोंद ठेवतां येते.

कॅमलला ह्या जामदारखान्याशीं जोडण्याची सोय २०२२ सालापासून त्याच्या अंगींच आहे. ती फार साधी आहे. पूर्वी जेथें पासवर्ड लिहीत तेथें आतां दुहेरी महिरपी कंस काढावयाचा, आणि त्यांत आधीं सेवेचें लघुनांव, मग अपूर्णविराम, मग गुपिताचें नांव लिहावयाचें. अमेझॉनसाठीं 'एडब्ल्यूएस' लिहितात, गूगलसाठीं 'जीसीपी', मायक्रोसॉफ्टसाठीं 'अझूर' व व्हॉल्टसाठीं 'हॅशीकॉर्प'. म्हणजे प्रोग्रामांत 'एडब्ल्यूएस, अपूर्णविराम, बँकेचा पासवर्ड' इतकेंच राहतें. हें केवळ नांव आहे. तें साऱ्या गांवानें वाचलें तरी बिघडत नाहीं. प्रोग्राम सुरू होतांना कॅमल तें नांव घेऊन सेवेकडे जातो, खरें मूल्य आणतो, व आपल्या स्मरणांत ठेवून कामास लागतो.

एका गुपितांत अनेक कप्पेही करतां येतात. वापरणाराचें नांव एका कप्प्यांत व पासवर्ड दुसऱ्यांत ठेवून हवा तो कप्पा मागतां येतो. शिवाय गुपित न सांपडल्यास कोणतें मूल्य घ्यावें, हेंही त्याच कंसांत पुढें लिहितां येतें. ही शेवटची सोय आम्हांस तितकीशी आवडत नाहीं; कारण उतावळा माणूस नेमका खरा पासवर्डच तेथें लिहून ठेवतो, आणि मग एवढ्या खटपटीचा अर्थ काय? आणखी एक बारीक गोष्ट. कोणत्या ठाण्यांतील जामदारखाना, हें कॅमलला सांगावें लागतें. अमेझॉनचें एक ठाणें २०१६ पासून मुंबईस आहे. मुंबईस ठेविलेलें गुपित सिंगापुरास विचारलें तर असें कांहीं येथें नाहीं म्हणून उत्तर येतें, आणि नवशिका दिवसभर स्वतःच्या प्रोग्रामांत चूक शोधीत बसतो.

आतां चलाख विद्यार्थी एक शंका काढील, आणि ती अगदीं रास्त आहे. जामदाराकडे किल्ली मागावयाची, तर मागणारा कोण हें त्यास पटविलें पाहिजे. तें पटविण्यास पुन्हां किल्लीच लागणार. मग ती कोठें ठेवावी? कॅमलला अमेझॉनची प्रवेशकिल्ली व तिची गुप्त जोडकिल्ली सांगतां येते खरी. पण ती फायलींत लिहिली तर आपण फिरून मूळ पदावर येतों. पूर्वी तीन किल्ल्या उघड्या होत्या, आतां तिहींचा कारभार उघडणारी एकच उघडी आहे, इतकाच फरक.

ह्याचें उत्तर असें कीं ही शेवटली पायरी किल्लीनें न चढतां ओळखीनें चढावयाची. वसतिगृहांतील मुलास भोजनगृहांत चिठ्ठी दाखवावी लागत नाहीं. वाढणारा त्याचा चेहरा ओळखतो. त्याचप्रमाणें प्रोग्राम ज्या यंत्रावर चालतो तें यंत्र जर अमेझॉनच्याच आवारांत असेल, तर त्यास मालकानें एक भूमिका नेमून देतां येते. त्या भूमिकेच्या बळावर यंत्रास थोड्या तासांपुरते परवाने मिळतात, मुदत संपतांच ते निरुपयोगी होतात, व नवे आपोआप येतात. कोणीं ते लिहून ठेवावयाचे नसतात. कॅमलमध्यें ह्यासाठीं एक सेटिंग 'होय' करावें लागतें. मग तो किल्ली न मागतां यंत्राच्या ओळखीवर काम चालवितो. भूमिकेस अधिकारही मोजकाच द्यावा. आमच्या निरोप्यास तीन गुपितें वाचावयाचीं आहेत, तर त्या तिहींचीं नांवें लिहून तेवढींच वाचण्याची मुभा असावी. बदलण्याची नको, चौथें पाहण्याची नको. आमच्या मतें सर्व जोडणींत हाच भाग महत्त्वाचा, आणि घाईंत लोक हाच टाळतात.

ज्यांस आपला जामदारखाना आपल्याच यंत्रांवर हवा असतो ते व्हॉल्ट वापरतात. कॅमलला तेथें यंत्राचा पत्ता व एक 'टोकन' द्यावें लागतें. हें टोकन अल्पमुदतीचें असावें, हें वरील विवेचनावरून उघड आहे. पण व्हॉल्टची दुसरीच एक गोष्ट गणिताच्या विद्यार्थ्यांस आवडेल. व्हॉल्ट बंद पडून पुन्हां सुरू झालें कीं मोहोरबंद स्थितींत असतें. तें उघडण्याची किल्ली नेहमींच्या मांडणींत पांच तुकडे करून पांच जणांस वाटलेली असते, आणि त्यांपैकीं कोणतेही तीन एकत्र आल्यावांचून तें उघडत नाहीं. इंग्लंडच्या मंडळीच्या १६०३ सालच्या नियमांत, बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांची नोंदवही तीन कुलपांच्या पेटींत ठेवावी, एक किल्ली पाळकाजवळ व दोन चर्चवॉर्डनांजवळ असाव्या, असें सांगितलें होतें. कल्पना तीच, पण त्या पेटीस तिन्ही किल्ल्या लागत, एक हरवली कीं पेटी फोडण्याचा प्रसंग. पांचांपैकीं कोणत्याही तिघांनीं कसें भागावें?

ही युक्ति अदि शामीर ह्या गणितज्ञानें १९७९ सालीं प्रसिद्ध केली. आधीं दोघांपुरती पाहूं. गुपित ७ आहे असें माना. आलेखावर उभ्या अक्षास ७ वर छेदणारी एक सरळ रेषा काढा. समजा, एक पाऊल उजवीकडे गेलें कीं ती ३ नें चढते. तिच्यावरील बिंदूंची उंची पहिल्या पावलास १०, दुसऱ्यास १३, तिसऱ्यास १६. एकेक बिंदु एकेकास द्या. कोणतेही दोघे भेटले कीं चढ ३ आहे हें कळतें, आणि मागें येऊन ७ सांपडतात. एकट्यास मात्र कांहीं ठरवितां येत नाहीं, कारण एका बिंदूंतून वाटेल तितक्या रेषा जातात. तिघांची अट हवी असल्यास रेषेऐवजीं परवलय घ्यावें, कारण तें निश्चित करण्यास तीन बिंदु लागतात. प्रत्यक्षांत हें गणित साध्या संख्यांवर न करतां संख्यांच्या एका मर्यादित गटांत करतात, म्हणजे एकट्यास अंदाजही बांधतां येऊं नये. असो, पुन्हां निरोप्याकडे वळूं.

गुपित बाहेर ठेवल्याचा मोठा लाभ दिसतो तो पासवर्ड बदलतांना. पूर्वी पासवर्ड बदलावयाचा म्हणजे प्रोग्राम उघडा, ओळ बदला, पुन्हां बांधा, पुन्हां चालूं करा. म्हणून लोक वर्षानुवर्षें एकच ठेवीत. आतां जामदारखान्यांत नवें मूल्य ठेवलें कीं प्रोग्रामांतील एकही अक्षर बदलत नाहीं. मात्र चालूं असलेल्या कॅमलच्या स्मरणांत अजून जुनेंच मूल्य असतें. त्यासाठीं त्यास सांगून ठेवतां येतें कीं अमुक गुपितांवर लक्ष ठेव, आणि बदल आढळल्यास आपले सर्व मार्ग नव्यानें उभे कर. निराळें न सांगितल्यास तो दर ३० सेकंदांनीं चौकशी करतो. अमेझॉनच्या बाबतींत ही चौकशी तेथील 'क्लाउडट्रेल' नांवाच्या नोंदींतून होते, म्हणून त्या नोंदी वाचण्याचीही परवानगी भूमिकेस द्यावी लागते; आणि त्या नोंदींत बदल उमटण्यास कांहीं मिनिटें लागूं शकतात.

तीं मिनिटें अडचणीचीं. खातेवहीनें नवा पासवर्ड स्वीकारला आहे, निरोप्या अजून जुनाच सांगत आहे, अशा वेळीं त्यास दारांतून परत लावलें जाईल व पालकांच्या पावत्या अडकतील. ह्यास्तव शहाणे लोक खातेवहींत दोन वापरणारे करून ठेवतात व आळीपाळीनें एकाचाच पासवर्ड बदलतात. निरोप्या जुन्या वापरणाराच्या नांवें आंत जात असतांना दुसऱ्याचा पासवर्ड बदलतो, जामदारखान्यांत त्याची नोंद होते, आणि कॅमलला नवी जोडी मिळेपर्यंत जुनी जोडी चालूंच असते.

जामदारखाने हल्लीं पासवर्ड स्वतःच बनवितात, व त्यांत नाना चिन्हें घालतात. कॅमलच्या मार्गांतील पत्त्यांत अधिक चिन्ह आलें तर तें रिकामी जागा म्हणून वाचलें जाण्याचा संभव असतो, आणि पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाहीं. त्यावर उपाय म्हणून त्या ठिकाणीं 'रॉ' हा शब्द लिहून त्याच्या कंसांत मूल्य ठेवतात; मग कॅमल त्यास हात न लावतां जसेंच्या तसें पुढें देतो. रोजनिशींत पत्ता लिहितांना पासवर्डाच्या जागीं तो फुल्या मारतो. पण प्रोग्राम लिहिणारानें स्वतःच 'हें मूल्य छापून दाखव' असें लिहून ठेविलें असेल, तर तो निमूटपणें छापून दाखवील. तेवढी ओळ काम संपतांच खोडावी.